विसरण्याची वर्गणी

तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये 'डायरेक्ट डेबिट', 'ऑटोपे' किंवा अशाच काहीशा नावाचं एक पान असतं. दर महिन्याला कोण कोण तुमच्या खात्यातून परस्पर पैसे नेतं, त्याची ती यादी. हा लेख वाचण्याआधी ते पान उघडा असं मी म्हणणार नाही. शेवटी मात्र म्हणणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

या विषयावर आपण सगळे जण ज्याचे पैसे जातात त्याच्या बाजूने बोलतो. जिमला जाणं बंद झालं तरी फी जात राहिली, फुकट महिन्यासाठी घेतलेलं ॲप तीन वर्षं पैसे कापत होतं, असे किस्से प्रत्येकाकडे असतात. माझ्याकडेही आहेत. पण आज मला दुसऱ्या बाजूने लिहायचं आहे, कारण माझ्या किश्श्यात पैसे नेणारी मीच होते.

इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावात आमचं छोटंसं मराठी मंडळ आहे. मी इथे पोस्टडॉक म्हणून आले आणि दुसऱ्याच वर्षी मंडळाची खजिनदार झाले. "तू पीएचडी आहेस, तुला हिशेब जमेल," असं कारण देण्यात आलं. माझी पीएचडी बुरशीवर आहे. वर्गणी वर्षाला साठ पौंड. ती गोळा करण्याची पद्धत तुमच्या गावातल्या मंडळासारखीच होती: गणपतीच्या दिवशी दाराशी टेबल, त्यावर पावती पुस्तक, आणि "अगं, पाकीट गाडीत राहिलं, पुढच्या वेळी नक्की देते" हे वाक्य. लोक लबाड नव्हते. साठ पौंड एकदम काढून द्यायला हात जरा मागे येतो, इतकंच. पण हॉलचं भाडं दर महिन्याला द्यावं लागायचं आणि शनिवारच्या मराठी शाळेची पुस्तकं पुण्याहून मागवावी लागायची. म्हणून मी सुचवलं, महिन्याला पाच पौंड डायरेक्ट डेबिटने घेऊ. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या.

हे कसं उभं करतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा प्रश्न त्या रचनेतच दडलेला आहे. इथे बँकेतून दरमहा पैसे पाठवायचे दोन मार्ग आहेत. एक 'स्टँडिंग ऑर्डर': त्यात पैसे देणारा स्वतः आपल्या बँकेला सांगतो की अमुक तारखेला अमुक रक्कम तमुक खात्यात पाठव. म्हणजे पैसे ढकलायचे. दुसरा 'डायरेक्ट डेबिट': त्यात देणारा घेणाऱ्याला अधिकार देतो की तूच माझ्या खात्यातून ने. म्हणजे पैसे ओढायचे. पहिल्यात नळ घरमालकाच्या हातात असतो, दुसऱ्यात पाणी नेणाऱ्याच्या.

ओढण्याची ही पद्धत ब्रिटनमध्ये १९६४ साली सुरू झाली, तीही युनिलिव्हर कंपनीने आईस्क्रीम विकणाऱ्यांकडून येणं वसूल करण्यासाठी शोधली म्हणून. आज वीज, पाणी, कौन्सिल टॅक्स, विमा असं सगळं याच वाटेने जातं. मोठ्या संस्थेला बँकेच्या पुरस्काराने स्वतःचा सहा आकडी क्रमांक मिळतो. आमच्यासारखी छोटी मंडळं मध्ये एक कंपनी घेतात, जी थोडं कमिशन घेऊन हे काम करून देते. सभासदाला एक लिंक जाते. तो नाव, सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक भरतो, एका चौकोनात टिचकी मारतो, संपलं. दोन मिनिटंही लागत नाहीत. नंतर दर महिन्याला एक फाईल जाते. पहिल्या दिवशी ती दाखल होते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर प्रक्रिया होते आणि तिसऱ्या दिवशी इकडे जमा, तिकडे वजा. एखाद्याचे पैसे आले नाहीत तर कारणाचा कोड परत येतो. खातं बंद झालं, याला एक कोड. अधिकार रद्द केला, याला एक. खातेदाराचा मृत्यू झाला, यालाही एक.

ही पद्धत लबाडीची आहे असं मुळीच नाही. उलट, तिच्याबरोबर येणारी हमी मला नेहमी कौतुकाची वाटली आहे. रक्कम किंवा तारीख बदलणार असेल तर आधी कळवायचं, साधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी. चुकून पैसे गेले तर बँकेने ते पूर्ण आणि ताबडतोब परत करायचे. आणि ग्राहक हवं तेव्हा बँकेला सांगून अधिकार रद्द करू शकतो. ओढण्याचा अधिकार दिला म्हणून चुकीची जोखीमही ओढणाऱ्यावरच टाकली, हा न्याय सरळ आहे.

पहिल्याच वर्षी वर्गणी जवळजवळ पूर्ण आली. माझं नाव झालं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आमंत्रणांसाठी मी सभासदांची यादी काढली आणि तिच्यात एका काकांचं नाव दिसलं. काका आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले होते. त्यांच्या अंत्यविधीला मी स्वतः हजर होते. मंडळाने सगळ्यांना ईमेल पाठवून श्रद्धांजली वाहिली होती, तिचा मजकूर मीच टाईप केला होता. आणि त्यानंतर सतरा महिने मी त्यांच्या नावावर दरमहा पाच पौंड घेत होते. मृत्यूचा कोड आला नव्हता, कारण खातं काका आणि काकू दोघांच्या नावावर होतं. बँकेच्या दृष्टीने खातं जिवंत होतं.

मी काकूंना फोन केला. कसं विचारायचं ते ठरवायलाच दोन दिवस लागले होते.

"काकू, तुमच्या खात्यातून दर महिन्याला पाच पौंड मंडळाला येतात. तुम्हाला माहीत आहे का?"

"ते तुमचं होतं होय? दिसायचं मला. पण नाव काहीतरी वेगळंच होतं गं."

खरंच वेगळं होतं. स्टेटमेंटवर त्या मधल्या कंपनीचं नाव यायचं आणि पुढे अक्षरं-आकड्यांची एक माळ.

"मग थांबवलं नाहीत?"

"सगळं हेच बघायचे. काय कशाचं आहे मला कुठे ठाऊक? उगाच काहीतरी थांबवलं आणि विजेचंच बंद पडलं तर? म्हणून कशालाच हात लावला नाही."

पाच पौंडांत इथे दोन कॉफ्याही जेमतेम येतात. रक्कम हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की त्या सतरा महिन्यांत माझ्या वहीत काकूंच्या नावापुढे 'जमा' असा शब्द होता, आणि तो शब्द बघून मी समजत होते की या सभासद आहेत, म्हणजे यांना सभासद राहायचं आहे.

त्यानंतर मी ज्यांना वर्षभरात एकाही कार्यक्रमाला पाहिलं नव्हतं, पण ज्यांचे पैसे नियमित येत होते, अशा सगळ्यांना फोन लावले. डझनभर घरं निघाली. स्कॉटलंडला राहायला गेलेलं एक कुटुंब म्हणालं, "माहीत आहे की. आमची मुलं तुमच्या शाळेत मराठी वाचायला शिकली, पैसे जाऊ देत." पुण्याला परत गेलेल्या एका विद्यार्थ्याला पत्ताच नव्हता, इथलं खातं बंद करायचं राहून गेलं होतं आणि त्यातले उरलेसुरले पैसे आम्ही महिन्याला पाच-पाच करून संपवत आणले होते. आणि काकूंसारखीच आणखी एक बाई निघाली.

म्हणजे गप्प बसलेल्या माणसांचे तीन प्रकार. एकाचं गप्प बसणं ही पसंती आहे, दुसऱ्याचं विस्मरण, तिसऱ्याचं भीती. माझ्या फाईलमध्ये तिघांच्या ओळी तंतोतंत सारख्या. विसरण्याला कोड नाही. भीतीलाही नाही.

'मौनं सम्मतिलक्षणम्' हे आपण लहानपणापासून ऐकतो. लग्नाच्या बोलणीत मुलगी गप्प राहिली की मोठी माणसं ते वाक्य कशी वापरायची, तेही आपण ऐकलं आहे. पाश्चात्त्य राज्यशास्त्रातही हा वाद जुना आहे. जॉन लॉकचं सतराव्या शतकातलं म्हणणं असं, की एखाद्या राज्याच्या रस्त्यावरून जो नुसता प्रवास करतो, त्यानेही त्या राज्याच्या कायद्याला मूक संमती दिलेली असते. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली याला उत्तर दिलं. झोपेत असताना ज्याला जहाजावर चढवलं, तो जहाजावर राहतोय म्हणजे त्याने कप्तानाचा अधिकार मान्य केला, असं म्हणता येईल का? उतरायचं तर समुद्रात उडी मारून जीव द्यावा लागेल. काकूंच्या फोननंतर मला ह्यूम जास्त कळला. काकूंना वाटत होतं की एक ओळ बंद केली तर घरातली वीज जाईल. त्यांना तो समुद्रच दिसत होता.

तुम्ही म्हणाल, पण काकांनी टिचकी मारली होती ना? मारली होती, आणि ती खोटी नव्हती. मला त्या पहिल्या 'हो'ला कमी लेखायचं नाही. प्रश्न इतकाच, की त्या 'हो'चा अर्थ काय. माझ्या मते त्याचा अर्थ होतो: "मला दर वेळी विचारू नका." त्याचा अर्थ "मला पुन्हा कधीच विचारू नका" असा होत नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात आज कितीतरी धंदे उभे आहेत. आणि काही काळ आमचं मंडळही उभं होतं.

आपल्याला दरमहाची देणी नवी नाहीत. दूधवाला, पेपरवाला, घरकामाच्या मावशी, सगळे महिन्याच्या हिशेबावरच. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकोनात आई 'खाडा' लिहायची. महिनाअखेरीला दूधवाला दारात उभा राहायचा, आई कॅलेंडर बघायची, तो त्याची वही बघायचा, एखाद्या दिवसावरून वाद व्हायचा, मग पैसे दिले जायचे. तिथेही दर सकाळी कोणी विचारत नव्हतं की आज दूध हवं का. पण महिन्यातून एकदा दोन वह्या समोरासमोर यायच्या. घरात कोणी गेलं असेल, मुलं शिकायला बाहेर पडली असतील, तर दूधवाल्याला ते दारातच कळायचं आणि तोच म्हणायचा, "वहिनी, आता अर्धा लिटरच टाकू ना?" आम्ही डायरेक्ट डेबिट लावलं तेव्हा दारातलं ते उभं राहणं काढून टाकलं. तेच तर नकोसं होतं आम्हाला. पण त्या कटकटीबरोबर खाड्याचं कॅलेंडरही गेलं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी मांडलं की दरवर्षी प्रत्येक सभासदाला स्पष्ट कळवायचं: तुम्ही इतके पैसे देता, थांबवायचं असेल तर नुसतं 'नको' असं उत्तर पाठवा. आणि वर्षभर जे दिसले नाहीत त्यांना फोन करायचा. मोठा वाद झाला. विरोधात बोलणारे भले लोक होते आणि त्यांचे मुद्दे हलके नव्हते, म्हणून तुमच्यापुढेही ठेवते.

एक म्हणाले, मोठी माणसं आहेत, स्टेटमेंट वाचणं त्यांचं काम. हे खरं आहे. पण विसरणारा एकदाच विसरतो, आणि त्या विसरण्यातून दर महिन्याला मिळकत आपल्याला होते. ज्याला फायदा होतो आणि ज्याच्याकडे सगळ्यांची यादी तयार आहे, त्याने थोडं जास्त लक्षात ठेवावं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, माणसाच्या आळसाचा उपयोग नेहमी वाईटच असतो का? इथली पेन्शनच बघ. तेही बरोबर. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नोकरदारांना आपोआप पेन्शन योजनेत घालतात. नको असेल तर बाहेर पडा म्हणतात. बहुतेक जण पडत नाहीत, आणि म्हातारपणी त्यांचं भलं होतं. म्हणजे गप्प राहणाऱ्याच्या वतीने काही ठरवणं मुळातच गैर नाही. पण तिथे विसरलेले पैसे विसरणाऱ्याच्याच नावावर साठतात. मंडळाच्या बाबतीत ते आपल्या खात्यात साठतात. विसरण्याचा फायदा कोणाच्या खिशात जातो, हे बघितलं की फरक दिसतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात प्रामाणिक होता. "आठवण करून दिलीस तर बरेच जण सोडतील. मग शाळा कशी चालवायची?" यावर मी त्या रात्री काही बोलू शकले नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं. आठवण करून दिल्यावर जे सोडतील, त्यांचे पैसे आज आपण कशावर घेतोय? शाळा चांगलं काम आहे, हे मान्य. पण चांगल्या कामासाठी लोकांना आठवू न देणं चालतं, असं एकदा मान्य केलं की जिमवाल्याला आणि ॲपवाल्याला आपण काय तोंडाने बोलणार? त्यालाही त्याचं काम चांगलंच वाटतं.

कायदा याबाबत ठिकठिकाणी वेगळा विचार करतो. भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीसाठी नियम लावला: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, त्यातून बाहेर पडायची सोय द्यायची, आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी, ही मर्यादा २०२२ मध्ये १५,००० झाली. तेव्हा तुमच्या भारतातल्या कार्डावरची एखादी परदेशी वर्गणी अचानक बंद पडली असेल आणि तुम्ही वैतागला असाल. मीही वैतागले होते. आज वाटतं, दूधवाल्याला पुन्हा दारात उभं करण्याचाच तो प्रयत्न होता. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला की वर्गणी सुरू करणं जितकं सोपं, तितकंच बंद करणंही सोपं हवं. जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो प्रक्रियेच्या कारणावरून रद्द ठरवला. ब्रिटनच्या २०२४ च्या ग्राहक कायद्यात वर्गणीदाराला वेळोवेळी आठवण करून देण्याची तरतूद आहे. पण आमच्या काकूंच्या बाबतीत मी एकही नियम मोडला नव्हता. रक्कम बदलली नव्हती, तारीख बदलली नव्हती, अधिकारपत्र खरं होतं. हमीत जे लिहिलंय ते सगळं पाळून मी एका गेलेल्या माणसाकडून वर्गणी घेत होते. म्हणून हा प्रश्न फक्त कायद्यावर सोडून भागत नाही.

शेवटी ठराव थोडक्या मतांनी पास झाला. पत्रं गेली. मधल्या कंपनीशी बोलून स्टेटमेंटवरच्या संदर्भात मंडळाचं नाव ओळखू येईल असं करून घेतलं. नऊ घरांनी 'नको' कळवलं. दिवाळीचं जेवण त्या वर्षी केटररऐवजी घरोघरी वाटून करावं लागलं, आणि ज्यांनी विरोध केला होता त्यांच्याच घरी पुऱ्या लाटल्या गेल्या. शाळा चालू आहे, पण पुस्तकं दोघांत एक आहेत. म्हणजे याची किंमत पडली, आणि ती काही अंशी मुलांनी दिली. तेवढी किंमत द्यावी का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटतं, द्यावी. आता जे पैसे येतात त्यांच्याकडे बघून 'सभासद' हा शब्द वापरताना मला अडखळायला होत नाही.

काकूंचे पंच्याऐंशी पौंड आम्ही परत केले. मी द्यायला घरी गेले, तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता आलीच आहेस, तर बाकीची यादी बघून देतेस का?" आम्ही दोन तास बसलो. विकून टाकलेल्या गाडीची ब्रेकडाऊन सेवा निघाली. काकांचं एक मासिक निघालं, ते जुन्या पत्त्यावर जात होतं. विजेची ओळ कुठली, पाण्याची कुठली, हे मी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद त्यांनी फ्रीजवर लावला. मी विचारलं, मंडळाचं चालू ठेवायचं का, आता तुमच्या नावाने? त्या म्हणाल्या, "नको गं. एकटीला यायला जमत नाही आता." सतरा महिने मी ज्याला 'हो' समजत होते, ते हे होतं.

आता ते पान उघडा. तुमच्यासाठी उघडाच, पण त्याहून जास्त, ज्यांच्या घरात हे सगळं एकच माणूस बघतो त्यांच्यासाठी. गावी आई-वडील असतील तर पुढच्या फोनवर त्यांना विचारा की दरमहा काय काय कापलं जातं, आणि कशाचं काय आहे हे दोघांनाही ठाऊक आहे का. आणि तुम्ही स्वतः एखाद्या मंडळाचे, क्लासचे, छोट्या धंद्याचे पैसे असे गोळा करत असाल, तर आपल्या यादीतलं एक तरी नाव असं शोधा, जे बरेच दिवस दिसलेलं नाही. त्याला फोन करा. ते 'नको' म्हणतील, ही शक्यता धरूनच करा.